तोरसकरचा कॅरम

विचारल्याशिवाय तोरसकर काही सांगत नाही. एकदा माझ्या शर्टाच्या पाठीला हा एवढा ओला रंग लागला होता. भोईवाड्यापासून वरळीपर्यंत हा बसमध्ये माझ्या मागेच उभा. ऑफिसात सगळे हसले तेव्हा मी फोन करून त्याला झापला, तर शांतपणे म्हणतो, "तू विचारलंस कुठे?"

आमची चाळ पडून टॉवर झाला. तोरसकर सातव्या मजल्यावर एकटा राहतो. एका ऑफिसात नेटवर्क सांभाळतो, आणि सांभाळता सांभाळता स्वतःच राऊटर झालाय. राऊटरला म्हणे नियमांची यादी देतात. वरून वाचत यायचं, पहिला लागू पडेल तो पाळायचा, एकही नाही पडला तर थेट नकार. मुली बघायलाही याने हीच पद्धत लावली. त्याच्या आईने कपाळाला हात लावला होता.

तळमजल्याच्या हॉलमध्ये शनिवार-रविवारी कॅरमच्या मॅचेस होतात. म्हाताऱ्यांना खाली येववत नाही, म्हणून सेक्रेटरी या नात्याने मी बोर्डावर कॅमेरा टांगला. घरोघरी टीव्हीवर मॅच दिसायला लागली, पण ऐन राणीच्या वेळी चित्र अडकायचं. शेवटी तोरसकरला बोलावलं. तो राऊटरसमोर बादली पालथी घालून बसला.

"तू प्रत्येक घराला तेच चित्र वेगवेगळं पाठवतोयस," तो म्हणाला. "एकदाच पाठव. वायरीला फाटा फुटेल तिथे दोन कर. आणि ज्याने बटण दाबून मागितलं, त्याच्याच घरी जाऊ दे."

मग त्याने नियम लिहिले. कॅमेऱ्याचं येईल ते वेगळ्या टाकलेल्या नव्या वायरीने जाणार, पोरांचा अभ्यास आणि ऑफिसची कामं जुन्या वायरीने. चित्र कसं लोण्यासारखं चालायला लागलं. कमिटीवाले खूश होऊन म्हणाले, सगळ्यांच्याच घरी सोड की. याचं एकच, "मागणी आली का?" कोणी बघत नसेल तर आपोआप बंद. फुकट कशाला पळवायचं?

यात एक घर मात्र राहून गेलं, बबनकाकांचं. चाळीतल्या आम्हा सगळ्यांना स्ट्रायकर धरायला त्यांनी शिकवलं. आता अर्धांगवायूने उजवा हात गेला, वाचा गेली. काकींना नीट दिसत नाही, रिमोट कळत नाही. काका भिंतीकडे तोंड करून पडून असतात, घास तोंडात धरून ठेवतात, गिळत नाहीत, असं काकी मला लिफ्टमध्ये सांगत होत्या. डॉक्टर म्हणाले होते, यांना कशात तरी मन घालू दे, नाहीतर कठीण आहे. मी "हो हो, बघतो" म्हटलं आणि विसरलो.

आठवड्याच्या मधल्याच एका संध्याकाळी हॉलमध्ये दिवा दिसला. आत तोरसकर एकटाच कॅरम खेळत होता, वर कॅमेरा चालू. इकडून एक शॉट मारायचा, उठून पलीकडे जायचं, तिकडून मारायचा. सोंगटी सोडून सगळीकडे स्ट्रायकर जात होता.

"कोण बघतंय रे हे?" मी विचारलं.

विचारलं म्हणून त्याने सांगितलं. "बबनकाका. त्यांच्या टीव्हीला एक डबी लावलीय. राऊटरमध्ये नियम टाकलाय, त्या घरी मागणी न येता पण सोडायचं."

"तू? न मागता?"

"त्यांना मागता येत नाही ना." तो पलीकडे जाऊन बसला. "मॅच दोनच दिवस असते. बाकीचे दिवस काय बघणार ते?"

"आणि बघतात?"

"काकी म्हणतात, 'तू चुकलंस काय ह्येंचा डावा बोट चादरीवर हलता.' काका त्या बोटाने बरोबर शॉट दाखवतात मला. परवापासून थोडं जेवतात पण."

"म्हणजे तू मुद्दाम चुकतोस?"

"नाय रे, मला येतच नाही. लहानपणी काकांनी किती शिकवलं." स्ट्रायकर पुसत तो खाली बघून म्हणाला, "आता मात्र शिकणार नाही."

इतकी वर्षं आम्ही या माणसाला लाकूड समजत होतो. मी चप्पल काढून त्याच्यासमोर बसलो. चाळीत माझा हात बरा होता, काकांचाच शिष्य मी. राणी पॉकेटच्या अगदी तोंडाशी होती, डोळे मिटून मारली तरी गेली असती.

मी नेम धरला आणि स्ट्रायकर बाजूच्या पट्टीवर मारला.