रिलिव्हर येईपर्यंत

आम्ही चिखलीत राहायला आलो तेव्हा पत्र्याच्या एका खोलीत पाच माणसं होतो आणि पंखा एकच होता. वडील एका फाउंड्रीत हेल्पर होते. ती बंद पडली आणि आई कामगारांचे डबे करू लागली. लाइट गेली की आई मेणबत्तीच्या उजेडात पोळ्या लाटायची, आणि परातीच्या पलीकडे जो उजेड उरेल त्यात मी अभ्यास करायची. पुस्तकांना पीठ लागलेलं असायचं. हे रडगाणं म्हणून सांगत नाही, आमच्या ओळीत सगळ्यांचंच असं होतं. इन्व्हर्टर फक्त शेवटच्या खोलीत होता. आणि त्याच्यावर दिवा नव्हता, पंखा नव्हता. त्याच्यावर टीव्ही गेम होता.

ती खोली अण्णांची.

लाइट गेली की अण्णाही आमच्यासारखीच मेणबत्ती लावून बसायचे. टीव्ही बंद, बल्ब बंद, आणि कोपऱ्यात त्या गेमच्या डब्यावरचा लाल दिवा मात्र ऐटीत चालू. उन्हाळ्यात तर लाइट असतानाही टेबलफॅन गेमकडे तोंड करून असायचा आणि अण्णा पुठ्ठ्यानं वारा घ्यायचे.

आई एकदा म्हणाली, "अण्णा, एक बल्ब तरी जोडा की त्याच्यावर."

"वहिनी, बल्ब गेला तर परत लागतोय. ह्यो गेला की गेला."

"असं काय आहे त्याच्यात?"

"मॅच चाललीया," अण्णा म्हणाले, आणि पुठ्ठा हलवत राहिले.

अण्णा राजगुरुनगरच्या पलीकडचे. सगळी नोकरी पत्र्याचे पार्ट ठोकणाऱ्या एका प्रेस शॉपमध्ये झाली. रिटायर झाले ते कंपनीतून. शिफ्टमधून काही झाले नाहीत. कारखान्यात एक रीत असते. पाळी संपली तरी पुढचा माणूस, म्हणजे रिलिव्हर, आल्याशिवाय मशीन सोडायचं नाही. तो आला की त्याला चार्ज द्यायचा, मशीनचं काय चाललंय ते सांगायचं, त्यानं "घेतला" म्हणायचं, मगच डबा उचलून निघायचं. अण्णांनी ही रीत साऱ्या आयुष्याला लावली होती. दूध आणायला निघाले तरी आमच्या दारात उभे राहायचे.

"मने, चार्ज घे. गॅसवर भात हाय, एक शिट्टी झालीया, दोन बाकी. मांजर पलंगाखाली."

"बरं."

"बरं न्हाई."

"घेतला, अण्णा."

मग स्वारी हलायची. एकदा आम्ही सहा आसनी रिक्षातून मोशीला गेलो. उतरताना अण्णांनी चढणाऱ्या माणसाला अडवलं आणि म्हणाले, "चार्ज घ्या. सीट डावीकडं कलतीया, दांडीला धरून बसा." त्या बिचाऱ्यानं घाबरून दांडी धरली. अण्णा "घेतला म्हना" म्हणून थांबले, आणि रिक्षावाला हॉर्न वाजवत राहिला.

तो गेम त्यांनी मुलीसाठी, सुनीतासाठी आणला होता. त्या वेळच्या सगळ्या पोरांना माहीत असलेली ती कार्टूनची मंडळी त्यात टेनिस खेळायची. टोपीवाला मिशाळ, मुकुटवाली राजकन्या, एक कासव, एक थोराड गोरिला. मिशाळ बहुतेक वेळा उंच खुर्चीवर बसून पंचगिरी करायचा. अण्णा त्याला सुपरवायझर म्हणायचे. "बसायला खुर्ची हाय, डोक्याला टोपी हाय, आन् काम काय तर बोट दाखवायचं."

सुनीता मोठी झाली, लग्न होऊन सोलापूरला गेली, आणि गेम अण्णा आणि कमलकाकूंच्या हाती आला. काकू चाकणला वायरिंगच्या कंपनीत, कायम दुसऱ्या पाळीत. अण्णा पहिल्या पाळीत. अण्णा घरी यायचे तेव्हा काकू निघालेल्या असायच्या.

"मोशीच्या सिग्नलला दोन्ही कंपन्यांच्या बसा आजूबाजूला उभ्या ऱ्हायच्या," अण्णा सांगायचे. "म्या ह्या खिडकीत, ती त्या खिडकीत. ती खुणेनं सांगायची, भाजी झाकून ठिवलीया. सिग्नल सुटला की झालं."

म्हणून अण्णा बायकोचा उल्लेख करताना "आमची सेकंड शिफ्ट" म्हणायचे.

तर ह्या दोघांनी मिळून एकच खेळाडू घेतला. अण्णांना मिशाळ हवा होता, काकूंना राजकन्या. तंटा नको म्हणून कासव. समोर गोरिला, तो गेमच खेळवायचा. अण्णांनी आपल्या पाळीत थोडं खेळायचं, पॉजवर ठेवायचं, आणि दारावर खडूनं लिहायचं: "गोरिला डावीकडे कच्चा." काकूंनी घरी आल्यावर किंवा सकाळी तिथून पुढं खेळायचं. गेम बंद केला की सगळं पुसलं जातं, म्हणून तो बंद करायचा नाही. त्यासाठी इन्व्हर्टर. कासव किती वेळा हरलं कुणास ठाऊक. गोरिला काही हरला नाही.

पुढे अण्णा रिटायर झाले, काकूंनीही काम सोडलं. आता दोघं दिवसभर समोरासमोर, पण खेळायचे पाळीनंच. तशात सुनीताचं बाळंतपण आलं. काकू सोलापूरला निघाल्या त्या दिवशी कासव पहिल्यांदाच गोरिलाच्या पुढं होतं. एक पॉइंट झाला की मॅच. सर्व्हिस काकूंच्या पाळीतली होती, आणि रिक्षा दारात उभी.

काकू म्हणाल्या, "आले की मारते. सव्वा महिना झाला की येते. चार्ज घ्या."

मॅच अर्धी टाकून निघाल्या म्हणून अण्णा रुसले होते. भिंतीकडे बघत बसले. "घेतला" म्हणालेच नाहीत. आमच्या समोरची गोष्ट आहे.

सव्वा महिना झाला आणि रस्ते बंद पडले. तो काळ सगळ्यांना ठाऊक आहे. मग रस्ते उघडले, पण सुनीता परत कामावर जाऊ लागली, नातवाला बघायला कुणी नाही. काकू फोनवर म्हणायच्या, "तुम्हीच या की."

"मशीन सोडून कसा येऊ? रिलिव्हर कुठाय?"

"मग राहा बसून."

असा फोन महिन्यातून एकदा तरी व्हायचा. फोन स्पीकरवर असल्यामुळे ओळीत सगळ्यांना पाठ झाला होता. अण्णा मग टीव्ही लावायचे. पडद्यावर चेंडू हातात घेऊन उभं राहिलेलं कासव. ते गेमच्या रिमोटला हातही लावायचे नाहीत. सर्व्हिस त्यांच्या पाळीतली नव्हती.

त्या वर्षी आमच्या कॉलेजच्या शेवटच्या वर्षाचे पेपर ऑनलाइन होते. मावसभावाचा लॅपटॉप आणला होता, त्याची बॅटरी मेलेली, पिन लावली तरच चालायचा. शेवटच्या पेपरला, ऐन दुपारी, कोपऱ्यावरची विजेची डीपी जळाली आणि अख्ख्या भागाची लाइट गेली. हा पेपर राहिला तर वर्ष गेलं, आणि वर्ष गेलं तर मला कामाला लावायचं हे घरात ठरलेलंच होतं. मी लॅपटॉप पोटाशी धरून अण्णांकडे धावले.

अण्णांनी बोर्डातल्या दुसऱ्या भोकात माझी पिन लावली. मोबाइलचं नेट जोडलं, पेपर होता तिथून सुरू झाला. पण इन्व्हर्टरची बॅटरी पण आता म्हातारी झाली होती. थोड्या वेळानं तो पीं पीं करायला लागला.

"अण्णा, बंद पडणार का हो?"

"तू जॉबकडं बघ, तुझ्या पेपरकडं. मशीनकडं म्या बघतो."

मी प्रश्नांकडे बघत होते, पण तो आवाज कानात होता. पीं पीं लवकर लवकर व्हायला लागलं. अण्णा उठलेले मला दिसले. ते बोर्डापाशी गेले, थोडा वेळ उभे राहिले, आणि त्यांनी गेमची पिन काढली. लाल दिवा विझला.

"अण्णा, मॅच..."

"पाच मिनिटं वाढली आसतील. तेवढ्यात होतंय का बघ."

झालं. मी सबमिट दाबलं, हिरवी खूण आली, आणि थोड्याच वेळात इन्व्हर्टर गप्प झाला.  अण्णांनी डब्यावर हात ठेवला. तो अजून गरम होता.

मग त्यांनी फोन लावला. स्पीकरवरच.

"चार्ज देतो," अण्णा म्हणाले. "डीपी जळाली. मनीचा पेपर चालला होता. पिन म्या काढली."

"पेपर झाला तिचा?"

"झाला."

"आणि मॅच?"

"गेली."

पलीकडे बाळ काहीतरी बडबडत होतं. काकू म्हणाल्या, "मग आता तिथं कशाला बसलाय?"

"म्हंजी?"

"मशीन बंद पडलं की ऑपरेटर दुसऱ्या मशीनवर जातो. एवढी वर्षं कंपनीत काय केलं तुम्ही?"

अण्णांनी गेमची वायर उचलून डब्याभोवती गुंडाळली.  मग म्हणाले, "कमल, तू निघालीस त्या दिवशीचा चार्ज."

"त्याचं काय?"

"घेतला."

काकूंनी फक्त नाक ओढलेलं ऐकू आलं. मी लॅपटॉप उचलून बाहेर आले.

दुसऱ्या दिवशी अण्णा सोलापूरच्या एसटीला निघाले. गेमचा डबा टॉवेलात गुंडाळून पिशवीत, पिशवी पोटाशी. जाताना आमच्या दारात उभे राहिले.

"चार्ज घे. तुळशीला पानी. मांजराला दूध. इन्व्हर्टरची बॅटरी बदलायची हाय, ती बदलून तुमच्यात न्या. त्याला बल्ब लावा."

"घेतला, अण्णा."

निकाल लागला तेव्हा पहिला फोन मी सोलापूरला केला. फोन काकूंनी उचलला. मागून अण्णांचा आवाज येत होता: "डावीकडं मार, डावीकडं." काकू म्हणाल्या, "थांब गं, माझी पाळी चाललीय, यांना देते."

अण्णा फोनवर आले. गोरिला अजून हरला नव्हता. मी म्हटलं, "अण्णा, चार्ज देते. मी बी.कॉम. झाले. आमच्या घरातली पहिली."

"घेतला," अण्णा म्हणाले.