हद्दीतला फ्रीज

सकाळी नऊला मोजणीवाले येणार होते आणि साडेआठला महिपतीअण्णा घरात तिसऱ्यांदा बजावत होते की, त्या कुत्र्याला बांधा. या दिवसाची ते अकरा वर्षं वाट बघत होते. बेडसे गावात त्यांच्या भातखाचराला लागून कोंडाजीचं खाचर होतं. कोंडाजीने दर पावसाळ्याआधी बांध कोरून अण्णांची सात फूट पट्टी खाल्ली, हे त्यांनी अख्ख्या गावाला, दोन सरपंचांना आणि एकदा एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही ऐकवलं होतं. कोंडाजीशी तेव्हापासून त्यांचा अबोला होता.

कुत्रं त्यांच्या मुलीचं, तेजलचं. तिला बंगळूरला नोकरी लागली, तिथल्या घरमालकाला कुत्रं चालेना, आणि अण्णांना कुणी विचारलंच नाही. डॅशहाउंड जातीचं, वीतभर उंच आणि हातभर लांब. जर्मनीत बिळातली जनावरं हुसकायला ही कुत्री पाळायचे म्हणून तेजलने त्याचं नाव फ्रिट्झ ठेवलं होतं. तिच्या आईने, नंदाबाईंनी, पहिल्याच दिवशी त्याचा फ्रीज केला. ‘आमचा फ्रीज पळाला, कुणी बघितला का?’ याची आता गावालाही सवय झाली होती.

फ्रीज कुणाचं ऐकत नसे. हाक मारली की मान वळवून बघे, जरा विचार करी आणि पुन्हा उकरायला लागे. आठ महिन्यांत त्याने अळूचा वाफा, पाण्याच्या पाइपाखालची माती आणि खुद्द अण्णांच्या खाटेखालची जमीन उकरून काढली होती. अण्णांनी फोनवर तक्रार केली, तर तेजल म्हणाली, “बाबा, ही जात स्वतंत्र विचारांची असते. त्याच्यावर ओरडायचं नाही.”

“चाळीस वर्सं संसार केला, मला कुनी सोतंत्र इचार करू दिला न्हाई,” अण्णा म्हणाले. यावर नंदाबाई हसल्या, ते त्यांना जास्त लागलं.

मोजणीचे साहेब आले, यंत्र मांडलं, नकाशा उलगडला. नकाशात इथे जुना हद्दीचा दगड आहे, तो दाखवा, म्हणजे माप धरता येईल, असं त्यांनी सांगितलं. अण्णा साहेबांना म्हणाले की, दगड यांनी ठेवला असेल तर दाखवतील ना. कोंडाजीही साहेबांनाच म्हणाला की, दगडाला आपण हात लावलेला नाही, यांना विचारा. दोघं एकमेकांपासून चार हातांवर उभे होते, तरी सगळं बोलणं साहेबांमार्फत चाललं होतं. साहेब घामाघूम झाले होते.

तेवढ्यात तुटलेली दोरी फरफटवत फ्रीज आला. कुणाकडे ढुंकूनही न बघता तो बांधाच्या अलीकडे, अण्णांच्या पेंढ्याच्या उडवीपाशी गेला. तिथे घुशीचं बीळ होतं. दोन मिनिटांत त्याचा पुढचा अर्धा भाग जमिनीत गेला आणि माती थेट साहेबांच्या नकाशावर उडू लागली. अण्णा ओरडले, टाळ्या वाजवल्या, तेजलने शिकवलेली इंग्रजी आज्ञासुद्धा देऊन पाहिली. शेवटी घूस दुसऱ्या तोंडाने निघून ओढ्याकडे पळाली, तरी फ्रीजचं उकरणं थांबेना. आत काहीतरी नखांना खरखर लागत होतं.

साहेबांनी वाकून माती झटकली. घडीव दगड होता, वर कोरलेली फुली होती. साहेबांचा चेहरा सकाळपासून पहिल्यांदाच खुलला. त्यांनी दगडापासून बांधापर्यंत टेप ताणला. बरोबर सात फूट. फक्त ते अण्णांच्या बाजूला होते. बांध कोंडाजीच्या जमिनीत होता आणि पट्टी इतकी वर्षं अण्णाच पिकवत होते.

“मामंजी लय निगुतीनं बांध दुरुस्त करायचे,” नंदाबाई हळूच म्हणाल्या.

अण्णांना बापावर रागावता येईना, दगडावर रागावता येईना. अकरा वर्षं गावभर जे सांगत फिरले, ते घरच्या भाकरीवर वाढलेल्या जनावराने मातीमोल केलं होतं. त्यांचा संताप अनावर झाला. पंचनाम्यात दगड कसा सापडला ते लिहावं लागतं म्हणून साहेबांनी विचारलं, “कुत्रं कुणाचं?”

“आमचं न्हाई,” अण्णा म्हणाले.

“मग आमचं ल्ह्या, सायेब,” कोंडाजी म्हणाला. “आमच्या हद्दीत हुबं हाय.”

साहेबांनी तसं लिहिलं. अण्णांनी तणतणत सही केली. कोंडाजीने फ्रीजला काखेत उचललं, आणि कुणाच्या बापाला न जुमानणारं ते कुत्रं मुकाट गेलं.

संध्याकाळी सहाला तेजलचा व्हिडिओ कॉल यायचा, आणि तो आईबापांसाठी नसायचा. सहा वाजायला दहा मिनिटं असताना नंदाबाईंनी फोन अण्णांच्या हातात ठेवला. पोरीला काय सांगायचं ते तुमचं तुम्ही सांगा, म्हणाल्या. अण्णा तरातरा खाचरात आले. चुन्याच्या नव्या रेषेपलीकडे फ्रीज जमीन उकरत होता आणि कोंडाजी शेजारी बसून कौतुकाने बघत होता. अण्णांनी हाका मारल्या, चुचकारलं, खिशातलं बिस्कीट दाखवलं. फ्रीज हलला नाही. रेषा ओलांडून जायला अण्णांचा पाय उचलेना.

“कोंडाजीभाऊ,” अकरा वर्षांत पहिल्यांदा ते थेट बोलले, “कुत्रं द्या आमचं.”

“सकाळी न्हाई म्हनलात की. कागदावर हाय.”

“रागात बोललो.”

“व्हय, पन सही झालीया.”

अण्णांच्या हातात फोन वाजायला लागला. पडद्यावर तेजलचं नाव आलं.

“आता काय करू मी?” अण्णांनी विचारलं.

कोंडाजीने निवांत तंबाखू मळली.

“मोजणीचा अर्ज करा,” तो म्हणाला. “कुत्रं लांब हाय. तुमच्याकडं किती येतंय, ते सायेब सांगतील.”