निळ्या ठिपक्याची शेळी

सुई शेळीच्या मानेत जायची ती कंपाउंडरच्या डाव्या अंगठ्यात गेली. ओरडलाही तोच, शेळी जागची हलली नाही. गुरांच्या दवाखान्यात बावीस वर्षं काढलेल्या माणसाने असा नेम चुकवावा, याची त्याला भयंकर लाज वाटली. डॉक्टरीणबाई वळून बघायच्या आत त्याने शेळीच्या कपाळावर, टोचल्याची खूण म्हणून, निळा ठिपका लावला आणि तिला टोचलेल्या कळपात ढकलून दिलं.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"लाथ मारली हो," तो म्हणाला. जिच्यावर हा आळ आला ती शांतपणे रवंथ करत होती.

मग बाई कळपाच्या मालकिणीला पीपीआरची, म्हणजे ज्या साथीच्या रोगावर ही लस होती त्याची, लक्षणं सांगू लागल्या. ताप, वाहणारं नाक, तोंडात फोड, जुलाब, खाणं बंद. शेजारच्या कळपात कालच दोन करडं दगावली होती. कंपाउंडरने हे भाषण शेकडो वेळा ऐकलं होतं, पण कान देऊन पहिल्यांदाच ऐकलं. मग त्याने हळूच स्वतःच्या नाकाला हात लावून पाहिला. नाक ओलं होतं.

घरी पोहोचेपर्यंत त्याला कणकण वाटू लागली. ताटावर बसला, पण घास घशाखाली उतरेना. म्हणजे खाणं बंद झालंच. आरशासमोर जीभ काढून फोड शोधत असताना बायकोने त्याला पकडलं आणि सगळं वदवून घेतलं.

"शेळ्यांचा रोग माणसाला होत नाही, हे तुम्हीच जगाला सांगत फिरता ना?" ती म्हणाली.

"जगाला सांगायला काय जातं? अंगठा माझा आहे."

भीतीने त्याला तीनदा संडासला जावं लागलं. जुलाबही जमेस धरल्यावर राहिलंच काय? अंधार पडायच्या आत त्याने बाईंना फोन लावला आणि आपल्या ओळखीच्या एका माणसाला चुकून शेळीची लस टोचली गेल्याचं सांगितलं.

"अंगठा कसा आहे तुमचा?" बाई म्हणाल्या.

त्या लशीने माणसाला रोग होत नाही, साबणाने धुवा आणि सकाळी धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या, एवढं सांगून त्या थांबल्या. कंपाउंडरचा जीव भांड्यात पडला, पण फार वेळ नाही.

"डोस तुम्हाला मिळाला," बाई म्हणाल्या, "म्हणजे एक शेळी तशीच राहिली. कोणती?"

आता मात्र त्याला खरा घाम फुटला. एकशे बेचाळीस जनावरं, सगळ्यांच्या कपाळावर निळा ठिपका, आणि एक ठिपका खोटा. ती शेळी मेली असती तर रोगाने नाही, त्याच्या लाजेपायी मेली असती. त्याला रात्रभर झोप लागली नाही.

सकाळी तो बर्फाची पेटी घेऊन मालकिणीसमोर उभा राहिला आणि मान खाली घालून सगळं सांगून मोकळा झाला. सगळ्यांना पुन्हा टोचण्याइतकी लस नव्हती. मालकीण रागावली नाही, त्यामुळे तो आणखीच घाबरला.

"शोधा आता," ती म्हणाली आणि तिने कुंपणाचं दार उघडलं.

त्याने आत पाऊल टाकलं मात्र, सगळा कळप एकमेकांच्या अंगावर चढत पलीकडच्या कोपऱ्यात पळाला. कालची सुई कुणीही विसरलं नव्हतं. मधोमध एकच काळी शेळी उभी राहिली. ती सावकाश चालत त्याच्याकडे आली, तिने त्याचा हात हुंगला आणि अंगठ्याची पट्टी चघळायला सुरुवात केली.

बावीस वर्षांत कुठलंही जनावर आपणहून त्याच्याजवळ आलं नव्हतं. त्याचे डोळे भरून आले. त्याने सिरिंज भरली, मानेची कातडी चिमटीत धरली, अंगठा दूर ठेवला आणि अचूक टोचलं. शेळी ओरडली, तिने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि ती उड्या मारत कोपऱ्यातल्या कळपात जाऊन मिसळली.

"आता ओळखलं तिनं तुम्हाला," मालकीण म्हणाली.

तिथून तो धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला माणसांच्या दवाखान्यात गेला. नर्सने सुई वर धरली तेव्हा तो स्टुलासकट भिंतीपर्यंत सरकला होता.