तात्या बसले

गंगाराम तात्यांना कित्येक वर्षांत बसलेलं पाहिलेला माणूस आमच्या गावात नव्हता. माझी आणि त्यांची भिंत एक, तरी मीही कधी पाहिलं नव्हतं. ते जेवायचे उभ्यानं. डाव्या तळहातावर भाकरी, भाकरीवर ठेचा, आणि घास चावत अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या. न्हाव्यापुढे बसायचं म्हणजे तर शिक्षाच. एकदा निम्मी दाढी झाली असताना "हा आलोच" म्हणून उठले आणि थेट नसरापूरच्या बाजारात निघून गेले. अख्ख्या बाजारानं त्यांना दोन बाजूंनी दोन वेगळी माणसं म्हणून पाहिलं. उरलेली निम्मी दाढी दुसऱ्या दिवशी झाली, तीही गोठ्याच्या दाराला टेकून, उभ्यानंच.

"हा आलोच" हे त्यांचं पालुपद. माणसं ते येताना म्हणतात, तात्या जाताना म्हणायचे. लग्नाच्या पंगतीत बसायला नको म्हणून ते पळी हातात घेऊन वाढायला लागत. वरबाप पाट मांडून "तात्या, आता तुमी बसा" म्हणाला की "हा आलोच" म्हणून पुढच्या पंगतीला आमटी. पाहुण्यांना वाटायचं, केवढा सेवाभावी माणूस. खरं कारण आम्हा शेजाऱ्यांनाच ठाऊक.

माझा धंदा शिंप्याचा, म्हणजे बसण्याचा. नसरापूरहून वेल्ह्याला जाणाऱ्या वाटेला लागूनच माझा ओटा, ओट्यावर मशीन. पाय माझेही दिवसभर चालायचे, पण जागच्या जागी. त्यामुळे समोरून दिवसातून आठ वेळा जाणाऱ्या या माणसाचा मला राग यायचा, हे कबूल केलेलं बरं. शेत ओढ्यापलीकडे, दोन हाकांच्या अंतरावर. तिथं जाऊन येऊन माणूस किती चालेल? पण हे शेतावरून गुंजवण्याच्या अंगाला, तिथून राजगडाच्या पायथ्याला, तिथून परत, असं विनाकारण फिरत राहायचे. वर मलाच ऐकवायचे, "नारोबा, बसून बसून मुळ्या फुटतील तुमास्नी."

"आणि तुम्ही झिजून जाल," मी म्हणायचो.

"झिजू द्या की. कुणाला पुरवून ठिवायचंय?" एवढं म्हणेपर्यंत ते वळणावर पोचलेले असायचे.

भोरला संस्थानाचा अंमल होता त्या काळातली ही गोष्ट. कार्तिकात भात कापून झालं की धनगरांचे कळप आमच्या खोऱ्यात यायचे. शेतात मेंढ्या बसवल्या की जमिनीला खत मिळतं, म्हणून शेतकरी त्यांना बोलावून घ्यायचे. बिरा धनगराचा कळप दरसाल तात्यांच्या शेतात दोन रात्री बसायचा. मग वेल्ह्याकडची शिवारं फिरून महिनाभरात तो याच वाटेनं परत यायचा आणि भोरवरून घाट उतरून कोकणात जायचा.

त्या वर्षी निघायच्या सकाळी घोटाळा झाला. धनगरांच्या घोड्यावर बिऱ्हाडाच्या वर कोंबड्या, कोकरं, कुत्र्याची पिल्लं असं सगळं गणगोत लादलेलं असतं. त्यातलं एक तांबूस पिल्लू खाली घसरलं आणि त्याच्या मागच्या पायावर घोड्याची टाप पडली. बिरा जाणता माणूस. मेंढीचा पाय मोडला की तो स्वतःच बांधायचा. त्यानं बांबूच्या चार कामट्या तासल्या, आत लोकर घातली, आणि बांधायला चिंधी पाहिजे म्हणून पिल्लू घेऊन माझ्या ओट्यावर आला.

पाय बांधून झाल्यावर तो म्हणाला, "एकवीस दीस ह्यो पाय भुईला टेकू द्यायचा न्हाई. टेकला का गेला. आमच्यासंगं ह्ये जगायचं न्हाई. शिंपीदादा, तुमी बसूनच असता, तुमी ठिवून घ्या."

मी माझ्यापुढच्या कापडाच्या ढिगाकडे पाहिलं. त्यात पाटलांच्या कोटाचं कापड होतं. कुत्र्याचं पिल्लू कुठं काय करील याचा नेम नसतो. मी नाही म्हणालो. ते आजही मनाला लागून आहे.

तात्या नेहमीसारखे जाता जाता थांबले होते. म्हणजे जागच्या जागी पाय हलवत होते. ते म्हणाले, "आना हिकडं."

बिरानं त्यांच्याकडे पाहिलं, मग त्यांच्या पायांकडे पाहिलं. पण दुसरं कोणी नव्हतं. जाताना त्यानं अट सांगितली, "पाय धड झाला तर येताना नेतो. राखणीला कुत्री कमी हायेत. लंगडं ऱ्हायलं तर तुमचं."

पहिल्या दिवशी तात्यांनी पिल्लाला घोंगडीच्या झोळीत घातलं आणि झोळी गळ्यात अडकवून फिरायला गेले. परत आले तेव्हा हिसक्यांनी कामट्या सरकून पार पोटाशी आल्या होत्या. मी त्या पुन्हा बांधल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी पिल्लाला अंगणात पोत्यावर ठेवलं आणि "हा आलोच" म्हणून निघाले. ते फाटकापर्यंत जायच्या आत पिल्लू तीन पायांवर उभं राहून, चौथा टेकवायच्या बेतात. तात्या धावत मागं आले. पुन्हा निघाले, पुन्हा तेच. पिल्लाचा हिशेब सरळ होता. हा माणूस उभा, तर आपण उभं. हा चालला, तर आपण चाललं पाहिजे.

"आता वो?" तात्यांनी मला विचारलं.

"आता बसा," मी म्हणालो. माझ्या आयुष्यात इतक्या आनंदानं मी दुसरं काही बोललो नाही.

आणि तात्या माझ्या ओट्याच्या कडेला बसले. तापल्या तव्यावर बसावं तसे बसले. पिल्लू त्यांच्या मांडीला लागून गप झोपलं. थोड्या वेळानं तात्यांचा गुडघा हलू लागला, मग दुसरा. मग त्यांनी वाशे मोजले, कौलं मोजली, रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाला कुठं निघालास म्हणून विचारलं आणि प्रत्येकाचा हेवा केला. शेताचं काम भावकीतल्या कोणाला तरी सांगून टाकलं. चौथ्या दिवशी काकुळतीला येऊन म्हणाले, "नारोबा, तुमी कसं बसता वो दिसभर?"

मी त्यांच्या हातात सुई दिली. गुंडी कशी लावायची ते शिकवलं. पाटलांच्या कोटाच्या सगळ्या गुंड्या त्यांनी काजांच्याच बाजूला लावल्या, आणि इतक्या घट्ट की उसवताना माझी नखं मोडली. पण त्यांचा गुडघा थांबला होता.

पिल्लाला त्यांनी नाव ठेवलं नाही. "पाव्हण्याला कसलं नाव," म्हणायचे, आणि हाकही तशीच मारायचे, "पाव्हणं, दूध घ्या." बोटावर दूध चाटवायचे. रात्री उशाशी घेऊन झोपायचे. त्याच्या पायाची लोकर रोज बदलायचे. एकदा मशीन थांबवून मी सहज विचारलं, "तात्या, एवढं फिरून तुम्हाला मिळतं काय?"

त्यांनी हातातली सुई कापडात खोचली. मग म्हणाले, "कारभारीण गेली त्येला बारा वर्सं झाली. लेकरू न्हाई. घरात बसलं का घर रिकामं दिसतं. भाईर चालत असलो म्हंजी कसं, वाटतं का घरी हाय कुनीतरी, म्याच तेवढा भाईर हाय."

बारा वर्षं मी त्या फेऱ्यांवर हसलो होतो. मी मशीनचं चाक उगाच फिरवलं.

दिवस सरत चालले तसा पाय भरत चालला आणि तात्यांची झोप उडाली. जितकं जपावं तितकं पिल्लू परक्याचं होत होतं. मला राहवलं नाही. अठराव्या दिवशी मी हळूच म्हणालो, "तात्या, एकदा पाय टेकू द्या. थोडं लंगडं राहील, दुसरं काय होतंय? बिरा सोडून जाईल."

तात्यांनी सुई ओट्यावर ठेवली, पिल्लाला उचललं आणि घरात गेले. "हा आलोच" म्हणाले नाहीत. दीड दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत, आणि ते बरोबरच होतं.

एकविसाव्या दिवशी कामट्या निघाल्या. पिल्लू आधी पडलं, मग उभं राहिलं, मग अंगणभर पळालं. तात्यांनी पाय चारी बाजूंनी चाचपून पाहिला. कुठं म्हणता कुठं खोट नव्हती.

आणखी चार दिवसांनी बिराचा कळप वाट भरून आला. अर्धा गाव ओट्याभोवती जमला होता. तात्या रस्त्याच्या मधोमध उभे, कडेवर पिल्लू. बिरानं पिल्लाला खाली सोडलं, पळवून पाहिलं, पाय दाबून पाहिला, आणि पहिल्यांदाच तात्यांना हात जोडले. "तात्या, आमी जपला असता तरी असा झाला नसता."

"न्या," तात्या म्हणाले. "दूध बोटावर घेतंय. वाटीनं घेत न्हाई."

बिरानं शीळ घातली. कळप हलला, घोडा हलला, पिल्लाची आई, कळपातली कुत्री, हलली आणि पिल्लू तिच्या मागं दुडदुडत निघालं. तात्यांनी हाक मारली नाही. मला वाटलं, आता हे पाठ फिरवतील आणि गुंजवण्याच्या वाटेला लागतील, ते चार दिवस काही परत यायचे नाहीत. त्यांनी एक पाऊल टाकलंही. दुसरं पडलं नाही. ते तिथंच, भर रस्त्यात, धुळीत, सगळ्या गावादेखत खाली बसले.

कोणी हसलं नाही.

कळप वळणावरच्या चिंचेपर्यंत गेला होता. मेंढ्यांच्या पायांमधून पिल्लू थांबलेलं दिसलं. त्यानं मागं वळून पाहिलं. गेले पंचवीस दिवस त्याला एकच शिकवण मिळाली होती: हा माणूस बसला की आपण बसायचं. ते आईकडे बघून भुंकलं, थोडं पुढं गेलं, पुन्हा थांबलं, आणि मग चारी धड पायांवर सुसाट परत आलं. तात्यांच्या मांडीला अंग लावून त्यानं बैठक मारली.

बिरानं दोनदा शीळ घातली. मग लांबूनच हात हलवला आणि म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. त्येचं घर ठरलं."

धूळ खाली बसली. माणसं पांगली. मी ओट्यावरून उतरून जवळ गेलो आणि म्हणालो, "तात्या, उठा. ऊन वाढलंय."

तात्यांचा हात पिल्लाच्या पाठीवर होता आणि डोळ्यांतलं पाणी त्यांनी पुसलं नव्हतं.

"थांबा वो, नारोबा," ते म्हणाले. "पाव्हणं आत्ताच बसलंय."