रंगोबाची मुदतवाढ

एका जंगलात, मुलांनो, सगुणा नावाची हत्तीण राहत होती. तिच्या रक्तात पांढऱ्या पेशींचा पहारा होता. रोगजंतू दिसला की पकडायचा, थोडे दिवस नोकरी करायची आणि मग गुपचूप मरायचं, असा तिथला नियम. तो कुणी मोडत नसे.

या पहाऱ्यात रंगोबा नावाचा एक शिपाई होता. त्याच्या नोकरीचे दोनच दिवस उरले होते.

त्या दिवशी सगुणानं मैत्रिणीचा उष्टा ऊस खाल्ला. उसाबरोबर एक विषाणू आत आला.

"कोण तू?" रंगोबानं हटकलं.

"पाहुणा. तुमच्याकडेच उतरावं म्हणतो. अंगभर झडती होते, पण शिपायाच्या घरात कोण बघणार?"

"तुला पकडायला हवं मला."

"जरूर पकडा. पण तुमची मरायची तारीख मी खोडून देऊ शकतो."

रंगोबाला मरणाची फारशी भीती नव्हती. पण तारीख खोडता येते, हे त्याला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं. त्यानं दार उघडलं.

एका रंगोबाचे दोन झाले, दोनाचे चार. सगळे हुबेहूब, सगळे हजर, कामाला एकही नाही. तपासनीस पेशी होत्या, त्यांनी बरीच वर्षं त्यांना आवरून धरलं. मग एका उन्हाळ्यात चारा आटला. सगुणा अशक्त झाली, तपासनीसही थकले. रंगोबांनी मानेतली पहाऱ्याची चौकी भरून टाकली.

सगुणाच्या मानेवर गाठ आली.

"तब्येत सुधारली हो तुमची," माकडीण म्हणाली.

सगुणाला बरं वाटलं. पण वजन उतरत होतं आणि घास गिळवेना, तेव्हा ती साळूबाईकडे गेली. साळूबाई म्हणजे साळिंदर, जंगलची वैद्य. तिनं स्वतःच्याच पाठीवरचा एक काटा उपटून गाठीचा कण काढला आणि बराच वेळ पाहिला.

"सगुणाताई, आत चोर नाहीत. सगळे शिपाईच आहेत."

"मग चांगलंच की."

"शिपाई एकच आहे. लाखो वेळा. याला कर्करोग म्हणतात."

सगुणा हळूच म्हणाली, "मी मरणार का?"

"आत्ता तरी तसं दिसत नाही. औषध कडू आहे. मळमळेल, शेपटीचे केस जातील. पण दर पंधरवड्याला यायचं, चुकवायचं नाही."

सगुणानं एकही खेप चुकवली नाही. शेपटीचे केस गेले. माकडीण हसली, सगुणाही हसली. थंडी पडेपर्यंत गाठ विरत आली.

औषध शेवटच्या रंगोबापाशी पोचलं, तेव्हा तो ताठ उभा राहिला.

"मी इथला सर्वांत जुना शिपाई. आजवर एक दिवस रजा घेतली नाही."

ते खरंच होतं. औषधानं शांतपणे ऐकून घेतलं आणि आपलं काम केलं.

दुसऱ्या दिवशी सगुणा ओढ्यात बसून पोटभर ऊस खात होती. या वेळी स्वतःचा.

तात्पर्य: सदैव हजर असणं, कधी न थकणं आणि मरणाला दाद न देणं हे थोर गुण आहेत. अंगात आढळल्यास ताबडतोब वैद्याला दाखवावेत.