हार्लनच्या दोऱ्या

"यंदा माझी एकही वस्तू बर्फात पडणार नाही!" हार्लनने सकाळीच जाहीर केलं. "सगळं बांधून टाकलंय!"

बांधलं होतं खरंच. ठासणीची बंदूक म्हणजे सामानाचा नुसता बाजार! बंदुकीची दारू भरलेलं शिंग, बंदुकीच्या कानात, म्हणजे चकमकीखालच्या खळग्यात घालायच्या बारीक दारूचं छोटं शिंग, गोळ्यांची थैली, चिंध्या, भोक साफ करायची सुई, चुकून ठिणगी पडू नये म्हणून चकमकीवर चढवायची चामड्याची टोपी. गेल्या हिवाळ्यात यातलं निम्मं हार्लन पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरात पुरून आला होता. म्हणून यंदा प्रत्येक वस्तूला दोरी आणि सगळ्या दोऱ्या गळ्यात!

"ख्रिसमसचं झाड मी परवाच उतरवलं," बायको अर्लीन म्हणाली, "आता तू कशाला नटलायस?"

हार्लन हसला नाही. बंदूक सासऱ्यांची, लायमन यांची, तीही त्यांच्या आजोबांपासूनची. जावयाला कौतुकाने दिलेली. पण जावयाने तिच्यातून आजवर एक हरीण पाडलं असेल तर शपथ! नाताळच्या जेवणातच सासऱ्यांनी बजावलं होतं, "यंदाही हात हलवत आलास, तर बंदूक मर्लला." मर्ल म्हणजे अर्लीनचा भाऊ. आणि आज शिकारीच्या हंगामाचा शेवटचा दिवस! हार्लनचा त्या बंदुकीवर फार जीव होता.

डोंगराच्या पायथ्याशी मर्लसमोर त्याने बंदूक ठासली. "बघ, हे शिंग इथं, ही सुई इथं. शोधायला नको, चाचपायला नको! याला म्हणतात डोकं!" तोंड चालू, हात चालू. चिंधीत गुंडाळलेली गोळी गजाने खाली ठोकली, कानात बारीक दारू घातली, वर टोपी चढवली. मग मर्ल ओढ्यापलीकडे, सासरे वर खडकाशी आणि हार्लन ओकच्या झाडाखाली बसला.

तासाभरात हरीण आलं! चांगली धष्टपुष्ट मादी, वीस पावलांवर. हार्लनने नेम धरला, चाप ओढला. ठक! अरे देवा, टोपी काढायचीच राहिली!

टोपी ओढली तर दोरीबरोबर छोटं शिंग वर आलं आणि नाकावर बसलं. हरणाने मान वळवली. हार्लनने पुन्हा चाप ओढला. भस्स! कानातली दारू भडकली, भुवया करपल्या, पण बार काही उडेना. नळीत दारूच नव्हती! सकाळच्या भाषणात तेवढी घालायची राहिली होती.

हरीण आता दोन पावलं पुढे येऊन बघू लागलं.

हार्लन घाईने उठला. एक दोरी बुटाखाली, दुसरी फांदीत, तिसरी गळ्याभोवती. गिरकी घेऊन तो बर्फात असा आडवा झाला की शिंगं, थैली, सुई सगळं अंगावर! पण पडलं मात्र काहीच नाही.

तेवढ्यात पलीकडून धडाम! मर्लच्या गोळीने हरीण जागीच कोसळलं.

सासरे खाली आले. जावयाला त्यांनी चाकूने दोऱ्या कापून सोडवलं. हार्लनने मुकाट्याने बंदूक पुढे केली.

"घे मर्ल," सासरे म्हणाले.

"नको नको, बाबा!" मर्ल दोन पावलं मागे सरला. "ती याच्याकडेच राहू द्या! मी आयुष्यात इतका वेळ एका जागी उभं राहिलेलं हरीण पाहिलं नाही. पुढच्या वर्षी याला असाच समोर बसवू."

सासऱ्यांनी बराच विचार केला. मग बंदूक परत हार्लनच्या हातात ठेवली.

"ठेव तुझ्याकडे. पण दारू भरू नकोस हं! उगाच हरणं बिचकतील."