कुंपणावरचं लुगडं

गुरुवारी सकाळी मनकर्णाबाईंनी जुन्या कपड्यांचं गाठोडं सोडलं, तर त्यात हिरवं लुगडं नव्हतं. त्यांनी गाठोडं अंगणात उपडं केलं. दोन फाटकी धोतरं निघाली, तीन विटक्या साड्या निघाल्या, हरवला म्हणून सोडून दिलेला उशीचा अभ्राही निघाला, पण लुगडं काही निघेना. मग त्यांनी पेटी पाहिली, कोठी पाहिली, बाजेखाली पाहिलं आणि शेवटी काहीच सुचेना तेव्हा पिठाचा डबासुद्धा उघडून पाहिला.

लुगडं साधंसुधं नव्हतं. लेक समता पहिल्या बाळंतपणाला माहेरी, धामणगाव बढ्याजवळच्या या गावी आली होती. नात आता तीन महिन्यांची झाली होती आणि येत्या रविवारी व्याही-विहीण मायलेकींना न्यायला खामगावकडून येणार होते. पहिल्या लेकराची गोधडी आजोळी शिवायची आणि तिचा वरचा कपडा बापाच्या घरून यायचा, अशी या दोन्ही घरांतली रीत. त्याप्रमाणे विहीण अन्नपूर्णाबाईंनी आपल्या सासूचं लुगडं पाठवलं होतं. गर्द हिरवं, लाल काठाचं, वापरून वापरून सायीसारखं मऊ झालेलं. सोबत निरोप होता, "आमच्या घरचे सारे लेकरं याच्यावर निजले. जपून ठेवजा." काठावर दीड-दीड हाताच्या अंतरावर इतकं बारीक रफू केलेलं होतं की, ते पाहून मनकर्णाबाई विहिणीच्या हातावर खूश झाल्या होत्या.

एवढ्यात शेषराव वाडीतून गाजरांची टोपली घेऊन आले. मोठं वावर मक्त्याने कसायला दिल्यापासून त्यांचा सगळा जीव घरामागच्या दहा गुंठ्यांत गुंतला होता. थंडी पडली की तिथे मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, वांगी, गाजरं, रताळी अशी रेलचेल असायची आणि रताळ्यांच्या वासाने रानडुकरंही न चुकता यायची. त्यांना अडवायला शेषरावांनी चारी बाजूंनी जुन्या साड्या बांधल्या होत्या. गावात कुणाची साडी विटली की तिची पहिली खबर शेषरावांना लागायची.

"अहो, हिरवं लुगडं पाह्यलं का तुमी?"

"कोनतं? लाल काठाचं?"

"हाव."

"त्याचं काय?" शेषरावांनी विचारलं.

"कुठी हाये ते?"

"वाडीले हाये. वरच्या बाजूनं. मंगळवारी डुकरं घुसले नं, तं मी म्हटलं..."

"इहीनबाईच्या सासूचं लुगडं हाये ते!"

"मले काय मालूम? त्याले पहिलेच भोकं होते, दीड-दीड हातावर, रफू केलेले. मी म्हटलं, हा कुंपनाचाच कपडा हाये."

"तुमाले सारं जग कुंपनच दिसते!" असं म्हणत मनकर्णाबाई पदर खोचून वाडीकडे निघाल्या.

लुगडं होतं. दोन-दोन हातांवर खुंट, प्रत्येक खुंटाला एक खिळा आणि खिळ्यावर विहिणीच्या सासूचा लाल काठ. वाऱ्यावर मोठ्या ऐटीत फडफडत होतं. पण नऊवारी लुगड्याचा हा भाग जेमतेम साडेचार वार भरला.

"बाकीचं अर्धं?"

शेषरावांनी गाजराची माती पुसायला घेतली. "कडूबाले देल्लं. त्याच्या हरभऱ्याले कमी पडत होतं."

मनकर्णाबाई तडक घरात गेल्या आणि लुगड्याच्या जागी बांधायला नवऱ्याची घडीची दोन धोतरं घेऊन आल्या.

"अवं, इवाई येऊन राह्यले. तं मी काय नेसू?"

"तुमी कुंपनाजवळ बसूनच बोला त्याइच्याशी. धोतर तिथीच राहीन."

पहिला अर्धा भाग असा सुटला. दुसऱ्यासाठी त्या शेजारच्या वावरात कडूबाकडे गेल्या. कडूबा माणूस भला, पण हरभऱ्याच्या बाबतीत पक्का.

"वहिनी, तसं नाई सोडता येत. आज कुंपन उघडं राह्यलं तं उद्या झाडाले घाटा नाई राहाचा. बदल्यात काही असन तं बोला."

बदल्यात विहिणीच्या बिछान्यासाठी मुद्दाम आणलेली नवी, गुलाबाच्या फुलांची चादर गेली. कडूबाने ती हात फिरवून पाहिली, खूश झाला आणि लुगडं सोडून देताना सहज म्हणाला, "धुऊन घेजा बरं वहिनी. कालच पानी मारलं त्याच्यावर."

"कशाचं पानी?"

"सडक्या अंड्याचं. डुक्कर फिरकत नाई."

डुक्कर काय, वाटेत भेटलेली शेजारची वच्छलाबाईसुद्धा बोलायची थांबून पलीकडून निघून गेली. मनकर्णाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. ते वासाने की रागाने, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. पण रडत बसण्याइतका वेळ नव्हता. रविवारच्या आत गोधडी व्हायची म्हणजे व्हायची, असं त्यांनी वाटेतच ठरवून टाकलं.

त्या दिवशी लुगडं रिठ्याने धुतलं, शिकेकाईने धुतलं, शुक्रवारी सकाळी पुन्हा दोन वेळा कढत पाण्यातून काढलं. प्रत्येक वेळी वाळलं की समताने हुंगायचं.

"माय, अजून हाये."

पुन्हा बादली, पुन्हा दोरी. शुक्रवारी उन्हं कलली तेव्हा समताने बराच वेळ नाक लावून ठेवलं. "आता वास येत नाई," ती म्हणाली, "पन आठवन येते."

"आठवन चालते," मनकर्णाबाई म्हणाल्या आणि सुई काढली.

"माय, मी काय म्हनते, सासूबाईले खरं सांगून टाक नं."

"नाई. तुले त्या घरी जलम काढाचा हाये. त्याइनं इतके वर्षं जपलेलं लुगडं तुह्या बापानं आठ दिवसांत डुकराइले दाखवलं, हे तुले दर सनाले ऐकाचं हाये का?"

बाळाने मोठ्याने जांभई दिली.

शनिवारी दिवस उगवल्यापासून अंगणात गोधडी पसरली होती, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले होते. आत विटक्या साड्या, वर हिरवं लुगडं आणि भोवताली कापून लावलेला लाल काठ. काठावर खिळ्यांची भोकं होती. प्रत्येक भोकावर मनकर्णाबाईंनी पिवळ्या कापडाचं पिंपळाचं पान कापून शिवलं. ऊन सरकेल तशी गोधडी सरकत होती आणि गोधडीमागे त्या. शिक्षा म्हणून शेषरावांना चष्मा लावून सुयांत दोरा ओवायला बसवलं होतं.

"भोकं पहिलेच होते," ते दर तिसऱ्या सुईला म्हणत.

"दोरा ओवा."

रविवारी शेवटची गाठ मारली आणि फाट्यावर एसटीचा हॉर्न वाजला. व्याही पंजाबराव चहा घेऊन लगेच शेषरावांबरोबर वाडी पाहायला गेले. शेषरावांनी पायजमा घातला होता, आणि धोतर का नाही, हे विचारायची संधी ते व्याह्यांना देत नव्हते. अन्नपूर्णाबाईंनी नातीला मांडीवर घेतलं, तिचा पापा घेतला आणि मग म्हणाल्या, "गोधडी दाखवा नं, इहीनबाई."

मनकर्णाबाईंनी ती उलगडली.

"लय सुरेख!" अन्नपूर्णाबाईंनी टाक्यांवरून हात फिरवला. "अन् हे पानं तं किती नामी!" बोलता बोलता त्यांनी कोपर काठावर टेकवलं आणि त्या हाताने काठ मोजायला लागल्या. एक हात, दोन हात, पान. पुन्हा एक हात, दोन हात, पान. तिसऱ्या पानाशी त्या थांबल्या. मग गोधडीचा कोपरा नाकाशी नेऊन त्यांनी हळूच हुंगला.

"इहीनबाई," त्या शांतपणे म्हणाल्या, "तुमच्याकडे खुंट दोन-दोन हातावर ठोकते का?"

मनकर्णाबाईंना वाटलं, धरणीने पोटात घ्यावं. तीन दिवस जपलेली हिंमत एका प्रश्नात गेली. त्या खाली मान घालून म्हणाल्या, "चुकलं आमचं. ह्याइनं बांधलं. मी गाठोड्यात ठेवलं होतं, पन सांगाचं राह्यलं. समताचा काहीच दोष नाई याच्यात."

अन्नपूर्णाबाईंचे खांदे हलायला लागले. मनकर्णाबाईंनी घाबरून वर पाहिलं, तर बाई डोळ्यांना पदर लावून हसत होत्या.

"आमचे हे दीड-दीड हातावर ठोकते," त्या म्हणाल्या. "दोन हिवाळे हे लुगडं आमच्या तुरीले होतं. मी सोडून आनावं, धुवावं, रफू करावं, अन् ह्याइनं पुन्हा नेऊन बांधावं. पेटीत ठेवलं तं पेटीतून काढलं. शेवटी म्हटलं, गोधडीत शिवलं गेलं तं सुटन बिचारं. अन् तोवर इहीनबाईच्या घरी तरी जपून राहीन."

दोघी विहिणी इतक्या हसल्या की मांडीवरचं बाळ दचकून रडायला लागलं. मनकर्णाबाईंचा जीव भांड्यात पडला. हसणं ऐकून शेषराव वाडीतून धावत आले. काय झालं ते समताने सांगताच त्यांची छाती फुगली.

"मी पहिल्या दिवसापासून सांगून राह्यलो! भोकं पहिलेच होते! कुंपनाचाच कपडा होता तो!"

"मंग?" मनकर्णाबाईंनी विचारलं.

"मंग म्हंजे? माह्यं बरोबर निंगालं नं!"

दोघी विहिणींनी त्यांच्याकडे पाहिलं. बरोबर निघूनही माणूस इतका चुकीचा कसा दिसू शकतो, हे शेषरावांना त्या दिवशी कळलं.

मागून पंजाबराव आले. वाडीचं कुंपण त्यांच्या फार मनात भरलं होतं, विशेषतः एका बाजूची पांढरीशुभ्र धोतरं. बाजेवर पसरलेल्या गोधडीकडे लक्ष जाताच ते थबकले. त्यांनी तिची जाडी दोन बोटांत धरून पाहिली आणि हात लावून लांबी मोजायला सुरुवात केली.

"शेषराव," ते गंभीरपणे म्हणाले, "अशी तीन पदरी शिवली तं डुकराची काय टाप..."

पुढचं कुणी ऐकलं नाही. अन्नपूर्णाबाईंनी एका बाजूने आणि मनकर्णाबाईंनी दुसऱ्या बाजूने गोधडी उचलली, चार घड्या केल्या, समताच्या पेटीत तळाशी घातली आणि पेटीला कुलूप लावलं. किल्ली कुणाकडे राहावी यावर विहिणींचं थोडं बोलणं झालं. शेवटी ती बाळाच्या कमरेच्या काळ्या दोऱ्यात बांधली, कारण त्या घरात अजून कुंपणाशी काही संबंध न आलेलं तेवढं एकच माणूस उरलं होतं.